भावाची विजेची गाडी आणि माझी सही

गाडी ठरवताना बहिणीला कोणी विचारत नाही. ओवाळायला मात्र तीच लागते. माझ्या धाकट्या भावाने मागच्या वर्षी सुरतेहून विजेवर चालणारी एक महागडी एसयूव्ही आणली. त्या गाडीचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. लोक म्हणतात, निर्जीव वस्तूवर कसला राग धरता बाई. धरते. तिच्यापायी माझं माहेर पणाला लागलं होतं.

मी खांडबाऱ्याला राहते. आयुष्यभर आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, आता घरी आहे. माहेर शहाद्याजवळच्या एका गावात, केळी-उसाच्या पट्ट्यात. वडील त्याआधीच्या पावसाळ्यात गेले, आणि सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं लागली. माझं नाव तिथे आहे हे मला तलाठ्याच्या कागदावरून कळलं. घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मीही काढलं नव्हतं.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरी नांदणाऱ्या बहिणीला आणायला माहेराहून माणूस येतो, त्याला मुराळी म्हणायचं. भाऊ येतो, नाहीतर पुतण्या येतो, अगदीच कोणी नसेल तर गल्लीतला एखादा ओळखीचा येतो. पण यावं लागतं. आपल्या पायांनी माहेरी जाणारी बाई म्हणजे तिला मागे कोणी नाही असं समजतात. लग्नानंतर चार-पाच वर्षं भाऊ आला. मग केळीला पाणी द्यायचा वार आडवा यायला लागला, मग नुसता फोन यायला लागला, आणि मग फोनही बंद झाला. माझ्या दोन्ही मुलांची लग्नं झाली तरी मी दर आखाजीला पिशवी खांद्याला लावून एसटीने नंदुरबार, तिथून दुसरी एसटी पकडून शहादा, अशी जात राहिले. आईसाठी जात होते. भावाला वाटत होतं, ताईला आवड आहे प्रवासाची.

त्यामुळे मागच्या आखाजीआधी त्याचा फोन आला तेव्हा मी हातातलं पीठ तसंच ठेवून उभी राहिले. म्हणाला, "ताई, यंदा मी सोता येस तुले लेवाले." वर म्हणाला, नवी गाडी घ्यायचीय, तिची पहिली आरती तुझ्या हातची. मी खुळी. मला भरून आलं. नवऱ्याने विचारलं, आज सूर्य कुठून उगवला म्हणे, तर मी त्यांच्यावरच खेकसले.

आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी ताब्यात मिळणार होती. आणायला आम्ही रेल्वेने गेलो. भाऊ आणि भावजय नंदुरबारला बसले, मी खांडबाऱ्याला. डबा कुठला ते कळावं म्हणून भाऊ दारात उभा राहून हात हलवत होता. इतक्या वर्षांनी मला न्यायला माणूस आला होता, तोही साक्षात भाऊ. मी सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याची चौकशी केली.

सुरतेच्या त्या शोरूमबद्दल काय सांगू. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात नाही एवढी स्वच्छता आणि एवढी माणसं एका गाडीच्या सेवेला होती. गाडीवर लाल मखमल टाकलेली. एका मुलीने मला कॉफी दिली आणि हिंदी-गुजराती मिसळून सांगितलं, की या गाडीची सीट पाठीला मालिश करते, दाराचे दिवे आपल्या मूडप्रमाणे रंग बदलतात आणि वरचं छप्पर पूर्ण काचेचं आहे. मी तिला विचारलं, एप्रिलमध्ये आमच्याकडे आलीस का कधी? डोक्यावर पत्रा असला तरी माणूस भाजून निघतं आणि तुम्ही काच विकता. ती गोड हसली. भाऊ मला दटावून म्हणाला, ताई, त्याला कोटिंग असतं. त्याने स्वतः गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि इंजिन दाखवा म्हणाला. इंजिन नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पुढच्या बॉनेटखाली रिकामी डिकी निघाली, तिच्यात भावजयने नारळ ठेवला. चाकाखाली लिंबू ठेवायचं निघालं तेव्हा ती गोड मुलगी पहिल्यांदा घाबरली, कारण खाली पांढरी फरशी होती. शेवटी मखमल काढली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुठ्ठ्याची भलीमोठी चावी भावाच्या हातात देऊन आमचा फोटो काढला. त्या फोटोत मी सगळ्यात जास्त हसतेय. तो फोटो माझ्याकडे आहे, पण मी बघत नाही.

निघायच्या आधी तिथल्या एका तंत्रज्ञाने भावाचा फोन गाडीला जोडून दिला. आता फोन आला की गाडीच उचलेल, तुम्ही हात स्टिअरिंगवरच ठेवा, असं त्याने सांगितलं. भाऊ मान डोलवत होता. त्याला काही कळलेलं नव्हतं, पण एवढ्या लोकांत विचारणार कोण.

गाडी रस्त्याला लागली. आवाज नाही, थरथर नाही, गिअर बदलल्याचा धक्का नाही. नवापूर मागे टाकलं, विसरवाडीला खांडबाऱ्याकडे वळलो. मागे माझ्या पाठीला सीट मालिश करत होती आणि मी आईला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तेवढ्यात फोन वाजला आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर नाव आलं. शहाद्याच्या एका जमिनीच्या दलालाचं. भावाने काहीतरी दाबलं. बंद करायला गेला असावा. फोन उचलला गेला आणि त्या माणसाचा आवाज गाडीच्या चारी कोपऱ्यांतून यायला लागला.

"दादा, परवा बहीणनी सही पक्की ना? तुम्हीनच सांगेल व्हतं, बहीणनं काय, आखाजीले लई येसू, खापरनी पुरनपोई खावाडसू, साडी देसू, करी दी ती सही. त्यावरच तं टोकन दिनं मी."

भाऊ पडद्यावर बोटं आपटत होता. आधी एसी वाढला, मग गाणं लागलं, मग दिवे निळे झाले, पण तो माणूस काही थांबेना. साध्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत निम्मं तरी ऐकू आलं नसतं. इथे मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. रस्त्याला लागून असलेलं आमचं शेत प्लॉटसाठी विकायला काढलं होतं. सौदापावती होऊन गेली होती. तिच्यात सर्व वारसांची संमती आहे असं लिहिलं होतं, म्हणजे माझीही. माझा हिस्सा भावाला सोडून दिल्याची सही, म्हणजे हक्कसोड, तेवढी बाकी होती. त्या भरवशावर ही गाडी घेतली होती, आणि त्या सहीच्या भरवशावर भाऊ माझा मुराळी झाला होता.

फोन बंद झाला. भावजय खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी सीटची मालिश कशी बंद करायची ते विचारलं. तिला माहीत नव्हतं.

मला अपमान झाला म्हणून राग आला नव्हता. मागितली असती तर मी सही दिली असती. आमच्याकडे सगळ्याच बहिणी देतात, भावाचं घर आपल्याला उघडं राहावं म्हणून. पण मागायचीसुद्धा गरज त्याला वाटली नाही. माझी किंमत त्याने एका परक्या माणसासमोर पुरणपोळी आणि साडी अशी लावून टाकली होती, आणि त्यातली पोळी आईच्या हातची होती.

खांडबारा आलं. माझं घर रस्त्यापासून पाच मिनिटांवर होतं. थांबव म्हणाले असते तर त्याला थांबावंच लागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी वडिलांची पहिली घागर भरायची होती. गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला मातीची घागर पाण्याने भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गोड सांजा भरलेली सांजोरी ठेवतात, आणि वडिलांच्या पहिल्या घागरीला लेक नाही म्हणजे काय. मी उतरले नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. भावाला वाटलं होतं, गाडी शिरली की गाव बाहेर येईल. गाडीला आवाजच नाही, तर गाव येणार कसं? ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मानही वळवली नाही. त्याने गल्लीच्या टोकाशी जाऊन गाडी वळवली आणि हॉर्न वाजवत पुन्हा आणली. तेव्हा कुठे माणसं जमली. इतकं वाईट वाटत असताना मला हसू आलं, आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला.

सकाळी घागर भरली. मग आई चुलीवर पालथं खापर घालून पोळ्या करायला बसली आणि मी तिच्या शेजारी पुरण भरून द्यायला. तिला सगळं माहीत होतं. खाली मान घालूनच म्हणाली, "दी टाक सही. बठ्या बहिनी देतस. मी बी दिन्ही व्हती."

मी विचारलं, "मंग मामा कवय उना?"

हातावर पसरत गेलेली पोळी तिने खापरावर टाकली. मग म्हणाली, सहीनंतर दोन आखाज्या आला, पुढे नाही. मी तिची मुलगी, साठीला टेकले, आणि मला हे माहीत नव्हतं. आईला माहेर नाही हे दिसत होतं. ते कशाने गेलं ते तिने कधी सांगितलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला गाडीपुढे रांगोळी निघाली, भाऊबंद जमले. भावजयने तबक माझ्या हातात दिलं. मी ओवाळलं. गाडीचं कपाळ कुठे ते कळेना, तेव्हा मधोमध कुंकू लावलं. मग भावाला ओवाळलं. त्याने तबकात साडी ठेवली, वर एक पाकीट ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाला, उद्या अकराला रजिस्ट्रार ऑफिस, ताई. याच गाडीतून नेतो.

राग आला की मी शाळेतली मराठी बोलते. तबक ओट्यावर ठेवलं, साडी आणि पाकीट त्याच्या हातात परत दिलं आणि म्हटलं, "सही मी करणार नाही. माझा हिस्सा मोजून वेगळा कर, मग तुझा काय विकायचा तो विक."

भाऊ आधी पांढरा पडला, मग लाल झाला. चार लोकांत लाज काढलीस म्हणाला. वडील असते तर तुझं तोंड झालं असतं का म्हणाला. मग म्हणाला, "मंग तुन्हं माहेर आजपाईन सरनं."

मला ठाऊक होतं तो असंच म्हणणार. मी पिशवी आणायला आत वळले तर दारात आई उभी. हाताला पुरण, कपाळावर राख. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. भावाला म्हणाली, "मन्ही सही व्हयनी नि मंग मन्हा दारशी कोन्ही उनं नही. हाई सही नही करी, तं भांडाले का व्हयेना, तू तिना दारशी जाशी." वर म्हणाली, "मन्हा अंगठा बी नही." आणि पोळी करपेल म्हणून आत निघून गेली.

सौदा मोडला. दलालाचं टोकन परत गेलं, गाडी बँकेच्या हप्त्यावर राहिली. भावाने आईशी महिनाभर अबोला धरला. माझ्याशी त्याला अबोला परवडत नाही, कारण सही माझ्याकडे आहे. वर्षभरात तो खांडबाऱ्याला पाच वेळा आला, दर वेळी भांडायला. मी हावरट आहे, मी नवऱ्याच्या शिकवणीने चालते, मी बापाचं नाव बुडवलं, हे सगळं तो माझ्या ओसरीवर बसून मला ऐकवतो, आणि मीही त्याला ठेवणीतलं ऐकवते. उन्हाळ्यात त्यांच्या गावात व्होल्टेज मिळत नाही, चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. म्हणून आल्या आल्या तो गाडीची वायर माझ्या खिडकीतून आत घेतो आणि घरातल्या प्लगला लावतो. घरच्या प्लगवर ती गाडी मुंगीच्या पावलाने भरते. तोवर त्याला बसावं लागतं. मागच्या रविवारी सकाळी आला तो पाच वाजेपर्यंत होता. दोनदा कडाक्याचं भांडण झालं. मधे तो जेवला, आणि आईने पाठवलेली सांजोरी न बोलता माझ्यापुढे सरकवून पुन्हा भांडायला बसला.