व्हिएन्नाच्या बागेतला पातेरा

मंडळी, दोन तासांपूर्वी मी इथल्या भर बागेत अनवाणी उभी होते. पाय अजून गारच आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बांद्याजवळच्या आमच्या गावातून बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे व्हिएन्नाला आलेत. आज त्यांना इथली मोठी सार्वजनिक बाग दाखवायला नेलं. कारंजं, पुतळे, कशाकडेच त्यांचं लक्ष नाही. ते बघत होते झाडांखालचा सुका पाला.

"इतको पातेरो! कोणाकच नको?"

मी चार पावलं पुढे गेले. वळून बघते तर बाबांनी दोन्ही हातांनी पाला ओढून गुडघाभर ढीग केलेला!

"बाबा, लोक बघतत!"

"बघूं देत."

आमच्याकडे भाताची रोपं करायची जमीन आधी पातेरा पसरून भाजतात. लहानपणी बाबा तो मोठ्या हाऱ्यात, म्हणजे बांबूच्या टोपलीत भरायचे आणि दाबायला मला आत उभं करायचे. मी काडीपैलवान. उड्या मारून दमायचे, तरी पाला बसायचा नाही. "तुका वजनच नाय गो," म्हणून बाबा हसायचे.

"ये, तुडव," आज ते म्हणाले. मी पाय उचलला, तेवढ्यात ओरडले, "भाताच्या कामाक बूट घालून?"

बूट काढले. एका पावलात ढीग निम्मा झाला.

बाबा बघत राहिले. "आता वजन इलां तुका," म्हणाले, "तर शेत पडीक."

गावाकडे यंदा कोणी पातेरा भरणार असाल तर कळवा. माझं वजन एकसष्ट किलो आहे.