कुरवंड्याची लावणी आणि पायथनची टोपली

प्रोग्रामिंगच्या भाषांमधल्या विचित्र गोष्टी जमवायचा मला नाद आहे. लोक जुनी नाणी जमवतात, निदान ती दाखवली की पाहुणे हातात तरी घेतात. माझा खजिना उघडला की पाहुण्यांना घरची कामं आठवतात. एका भाषेत महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी शून्यावा. तीच भाषा आकडे ओळीने लावायला सांगितले तर दहाला दोनाच्या आधी बसवते, कारण ती त्यांच्याकडे अक्षरं म्हणून बघते. आणि तिथेच ‘ही संख्या नाही’ असं सांगणारं एक मूल्य आहे. त्याचा प्रकार विचारला तर उत्तर येतं ‘संख्या’, आणि ते स्वतःशीसुद्धा जुळत नाही. हे मी एका दिवाळीत रंगवून सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, “आमच्याकडे आहे की असलं एक. फराळाच्या ताटापाशीच बसलंय.”

पण या नादाने एकदा मला असं काही दिलं की त्या भाषांचे उपकार मानावेसे वाटतात.

माझी मावशी कुरवंड्याला राहते. एकटीच, मुली सासरी आहेत. भाताचं एक खाचर आहे आणि ते तिने एकाही वर्षी पडीक ठेवलेलं नाही. तिकडे लावणी अजून सावडीने होते. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुमच्या शेतात लावायचं, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण, आणि आलेल्या माणसाच्या शेतावर आपणही जायचं, एवढाच नियम. त्या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती कुणाच्याच शेतावर जाऊ शकली नाही. मग तिच्या शेतात कोण येणार? रोप तर हातभर वाढलेलं. सावडीचं बघणाऱ्या आबांनी तिचं खाचर सगळ्यात शेवटी ठेवलं आणि “बघू, कोण येतंय” म्हणाले. चार-पाच जण तयार झाले. मावशी फोनवर म्हणाली, “न्हाई झालं तर ऱ्हाऊ दे. यंदा पडीक.” आवाज असा, की मी फोन ठेवल्यावर जेवलो नाही.

मी आंबीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. चिखलात उतरलो तर रोपाआधी मीच रुजेन, म्हणून मी माझ्या परीने हातभार लावला: सावडीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. उद्या येणारे लोक फोनवरून नाव कळवणार आणि संध्याकाळी शेतमालकाला निरोप जाणार, की अमके अमके येतायत, तेवढ्यांचा स्वयंपाक करा. आबा म्हणाले, “कर बाबा. तुला बरं वाटंल.”

लावण्या सुरू झाल्या. कुणाची तक्रार नाही. मी ऑफिसात छाती काढून फिरत होतो.

मावशीच्या लावणीच्या दिवशी, शनिवारी, आम्ही नवराबायको पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत सकाळी कुरवंड्याला पोचलो. बघतो तर अंगणात तीन चुली, शेजारून आणलेली पातेली, हरभऱ्याच्या आमटीचा वास, आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चवड मावशीच्या खांद्याला लागलेली. ती खुर्चीवर बसून थापत होती.

“मावशी, एवढं कुणासाठी?”

“आरं, तूच तर निरोप धाडलास! समदी वाडी येनार हाय माझ्या लावनीला. मी यंदा कुनाच्या बांधावर पाय न्हाई ठिवला, तरी येत्यात बघ.” तिने पिठाच्या हाताने फोन पुढे केला. “आबाचं नाव तर तीनदा हाय. लय खातो म्हनून लिवलं आसंल.”

तीनदा म्हटल्यावर मी फोन हातात घेऊन यादी वरपासून वाचली, आणि चूक कळली.

पायथन भाषेत प्रोग्रामच्या तुकड्याला सांगून ठेवता येतं, की नावं ठेवायला कुणी टोपली दिली नाही तर तू आपली एक रिकामी घे. आपल्याला वाटतं, दर वेळी नवी टोपली मिळेल. पायथन ती टोपली एकदाच विणते आणि पुढे तीच वापरत राहते. काल भरलेलं आजही आतच. म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या शेतांवर आलेली सगळी नावं मावशीच्या निरोपात जाऊन बसली होती. आधीच्या घरांनी निरोप वाचलेच नव्हते. आपल्याकडे कोण येणार ते त्यांना तोंडपाठ होतं. वाचला तो एकट्या मावशीने. आणि ही खोड मी स्वतः कारखान्यातल्या नव्या पोरांना दर वर्षी डोळे मोठे करून शिकवतो!

बायकोला बाजूला नेऊन सांगितलं. ती म्हणाली, “अहो, आत्ता मावशींपुढे तोंड उघडू नका. आबांकडे जा.”

आबा बांधावर तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “नावं खोटी हायेत व्हय?”

“नावं खरी आहेत आबा. दिवस खोटा आहे.”

“मग दिवस खरा कर. तूच बोलावलंस, तूच सांग.”

सावडीच्या ग्रुपवर मी जन्मातला सगळ्यात लांब निरोप लिहिला. चूक माझ्या प्रोग्रामची आहे, मावशीने अख्ख्या वाडीचा स्वयंपाक केलाय, आणि ती वाटेकडे बघत बसलीय. पाठवला आणि फोनकडे बघायची हिंमत होईना.

आधी तयार झालेल्या चार-पाच जणांखेरीज पहिली आली ती खालच्या आळीतली एक बाई, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं. “काय इंजिनेर, आमाला न इचारता जेवायला बोलावता व्हय?” मग हळू आवाजात म्हणाली, “माझ्या बाळंतपनात माझी लावनी हिनंच केलती. बोलवायला कशाला पायजे हुतं?” तिच्यामागून दोघं आले, मग एक घोळका. कुणी मला “आमच्या पोराबाळांचीबी नावं उतरवून घेतली का रं?” म्हणून चिडवलं, कुणी नुसतंच चिखलात उतरलं. सगळे आले नाहीत. पण खाचर जेवणाच्या वेळेआधी हिरवं झालं, आणि मावशी खुर्ची बांधापर्यंत ओढत नेऊन प्रत्येकाला ओळ सरळ धरायला सांगत होती.

मलाही उतरवलं. माझी ओळ नंतर पुन्हा लावावी लागली.

जेवणं झाल्यावर मी मावशीला खरं काय ते सांगितलं. ती पंगतीतली उष्टी ताटं बघत राहिली.

“म्हंजी ती भाषा कालच्या कुनालाच इसरली न्हाई म्हन की.”

“हो. ती चूकच आहे मावशी. दुरुस्त करतो.”

“कर की. पन आदी माझं नाव घाल. फुडल्या साली आबाच्या शेतावर. आन् हिच्या. आन् त्या खालच्या घरच्या.” ती एकेकाकडे बोट दाखवत गेली. “गुडगा बरा आसंल तवर. आत्ताच लिव, माझ्यासमोर.”

मी आमटीचे हात धुतले आणि लिहायला बसलो. या वेळी प्रत्येक शेताला वेगळी टोपली दिली, दोनदा तपासली.

आबा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. “माझ्या शेतावर तिचं नाव तीनदा लिव रं,” ते म्हणाले. “ती लय राबती.”