आईनं बजावलेली गोळी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई नांदेडच्या दवाखान्यात वारली. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, म्हणून शेवटचं बोलणं फोनवरच झालं. धापा टाकत ती बाबांना एवढंच म्हणाली, "ती सीची गोळी चुकवू नका हो." त्यानंतर तिचा फोन नुसता वाजत राहिला.

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर कंधारलाच राहिले, आता एकटे. डोकं दुखलं तरी औषधाला हात न लावणारा माणूस, पण संत्र्याच्या चवीची ती व्हिटॅमिन सीची गोळी सकाळ-संध्याकाळ चघळू लागला. शिंक आली की आणखी एक. साथ ओसरली, लोकांचे मास्क सुटले, बाबांची गोळी काही सुटली नाही. मी लातूरहून जायची तेव्हा उशाखाली, देव्हाऱ्यात, सदऱ्याच्या खिशात पाकिटं सापडायची. दार उघडलं की तो आंबटगोड वास यायचा आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर आम्ही दोघं लिंबाखाली बसून होतो, ती दुपार अंगावर यायची.

मागच्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडं आले होते. जेवता जेवता एकदम कूस धरून वाकले. चेहरा पांढराफटक, सदरा घामानं चिंब.

"बाई, कुणीतरी आतून पिळून राहिलंय गं!"

सोनोग्राफीत मूत्रनळीत अडकलेला खडा दिसला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, रोजची गोळी कोणती?"

"कोणतीच न्हाई."

मी त्यांच्या खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरबाईंनी ते उलटसुलट करून वाचलं. मग म्हणाल्या, "शरीर लागेल तेवढंच सी जीवनसत्त्व ठेवून घेतं. जास्तीचं लघवीवाटे जातं, पण त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं. ते कॅल्शियमला चिकटलं की खडा धरतो. गोळीनंच झाला असं छातीठोक नाही सांगता येणार. तुम्ही पाणीही कमी पिता, ऊन हे असं. पण एवढ्या गोळ्यांनी धोका वाढतो. आवळा खा, लिंबू प्या. गोळी बंद."

औषधानं आणि भरपूर पाण्यानं खडा पडला. तपासणीत तो ऑक्झलेटचाच निघाला. तरी बाबा गोळी सोडायला तयार होईनात. मी चिडले, तेव्हा हळूच म्हणाले, "ती रोज इचारती, बाई."

"कोण?"

"तुझी माय. दिवा लावायच्या वख्ताला. घेतली का, म्हणती. घेतली म्हणलं की गप बसती. आता काय सांगू तिला?"

 मी म्हटलं, "डॉक्टरनं बंद केली म्हणून सांगा."

त्या संध्याकाळी मी देवापुढं काडी ओढली, तेवढ्यात बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत कुणी नव्हतं. खणखणीत आवाजात म्हणाले, "डॉक्टरनं बंद केली गं. लई पाणी पिऊन राहिलो आता." आणि उत्तराची वाट बघत थांबले. मीही थांबले. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा भानावर आले.

पावसाळ्यानंतर बाबा कंधारला परतले. गोळी पुन्हा घेतली नाही, खडाही पुन्हा झाला नाही. परवा फोनवर न राहवून विचारलं, "आवाज येतो का अजून?"



"येतो," म्हणाले. "पण काय म्हणती ते आता उमगत न्हाई."