चौथी फेरी

इंदूरच्या इस्पितळातून फोन आला, तेव्हा मी ताईकडेच जायला नानाखेड्याच्या बस स्टँडवर उभा होतो. ती गेली होती. बस आली, भरली, निघून गेली. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो...

ताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. फ्रीगंजच्या एका शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर माझ्यासोबत राहिली. माझी बायपास झाली तेव्हा ती नवस बोलली, पाच वर्षं दर वैशाखात शहराभोवतीची पंचक्रोशीची पाच दिवसांची यात्रा अनवाणी करीन. मी पुस्तकांत रमणारा, देव न मानणारा, हसलो. “तू वाच तुझं,” ती म्हणाली, “चालायचं मला आहे.”

तिसऱ्या फेरीनंतर तिची उजवी टाच दुखू लागली. इतना पैदल चलोगी तो दुखेगा ही, असं शेजारच्या भाभी म्हणत, आणि आम्हालाही ते पटलं. नवसाचं दुखणं डॉक्टरला दाखवायचं नसतं, असं ताईचं मत. नऊ-दहा महिने कोमट तेल चोळलं. टाच सुजून चप्पल चढेना, तेव्हा कुठे एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाचा कॅन्सर निघाला. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, पावलाच्या हाडांत हा इतका क्वचित होतो की मी स्वतः दुसऱ्यांदा पाहतोय. चालण्याने तो होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि लगेच.

ताई म्हणाली, वैशाख एका महिन्यावर आलाय, चौथी फेरी करून येते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ती माझं ऐकत असे. माझा एक शब्द पुरला असता. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो... नवस मोडला आणि माझ्या छातीत पुन्हा काही झालं तर? हे माझ्या मनात आलं. वैशाखात ताई चालायला निघाली.

पहिल्या मुक्कामापर्यंतही ती पोचली नाही. टेम्पोत घालून आणली. मग पाय काढला, पण आजार फुप्फुसांत उतरला होता. शेवटी तिचा एकच घोर उरला होता. “दोन राहिल्या रे,” ती म्हणाली, “तू जपून राहा.”

मागच्या आठवड्यात माझी तपासणी झाली. हृदय उत्तम आहे. माझे रिपोर्ट ताई तिच्या कपाटातल्या फायलीत लावत असे, आणि प्रत्येकावर लाल पेनाने बरोबरची खूण करत असे, मुलांच्या वह्यांवर करायची तशीच. नवा रिपोर्ट मी त्याच फायलीत लावला आहे. त्यावर खूण नाही.