प्रार्थना धरून पंधरा मिनिटं

आमच्या शनिवारच्या वर्गात एखाद्या दिवशी खडू नसतो, कधी लाईट नसते, पण किस्सा घडला नाही असा शनिवार अजून उजाडायचा आहे. धर्मशिक्षण म्हटलं की लोकांना गंभीर चेहरे आठवतात. त्यांनी एकदा पवनीला यावं आणि मागच्या बाकावर बसावं.

वर्ग दोन ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून काढलेला. एक पवनीची, मनोहर पास्टरांची. तिथे घंटा, प्रार्थनेचं छापील पुस्तक, आणि बाप्तिस्म्याला डोक्यावर चार थेंब पाणी. दुसरी कोंढ्याची, उत्तमभाऊंची. तिथे टिनाचं शेड, ढोलकी, खंजिरी, आणि बाप्तिस्मा म्हणजे आख्खा माणूस नदीत. मनोहर पास्टर इथे परीक्षक, उत्तमभाऊ विद्यार्थी, आणि मी मास्तर म्हणून मधोमध. "दोन महिन्यांत मोडेल," असं शहाणे लोक म्हणाले होते. आता चौथं वर्ष चालू आहे. शहाणे लोक अधूनमधून जेवायला येतात.

*

जेवणावरून आठवलं. पहिल्या शनिवारी उत्तमभाऊंनी स्वतःच्या शेतातला चिन्नोर तांदूळ आणला होता. भाताचा वास सगळ्या हॉलभर. मनोहर पास्टरांनी पुस्तकातली दोन ओळींची प्रार्थना केली आणि ताटाला हात लावला.

"आता आमच्याकडूनबी होऊ द्या," उत्तमभाऊ म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

धानापासून सुरुवात झाली. मग पाऊस, मग तालुका, मग एसटीचे ड्रायव्हर, मग ज्यांच्या घरी आज चूल पेटली नाही ते सगळे. आमेन झालं तेव्हा वरणावर साय धरली होती.

"देवानं ऐकलं असेल हो," मनोहर पास्टर म्हणाले, "पण वरण थंड झालं."

"काही हरकत नाई पास्टरजी. थंड वरणासाठीबी धन्यवाद देऊन टाकतो," असं म्हणून उत्तमभाऊंनी पुन्हा डोळे मिटले.

तेव्हापासून नियम आहे. आधी आमेन, मग वाढणं.

*

बाप्तिस्म्याचा धडा मी पुस्तकातून शिकवत होतो, तो उत्तमभाऊंनी वैनगंगेवर नेला. त्यांच्या मंडळीतल्या दोघांचा बाप्तिस्मा होता. मनोहर पास्टर पाहुणे म्हणून पांढऱ्या झग्यात घाटाच्या पायरीवर उभे. शेजारी त्यांची आई, सुमनआजी. आजी पवनीच्या मंडळीच्या, पण कोंढ्याला काही असलं की पहिल्या जाऊन बसायच्या.

दोघांचं नीट पार पडलं. परत फिरताना उत्तमभाऊंचा पाय गाळात रुतला आणि ते कमरेवरून एकदम गळ्यापर्यंत गेले. तेव्हा कळलं, इतकी वर्षं लोकांना नदीत बुडवणाऱ्या या माणसाला पोहता येत नाही. मनोहर पास्टर जन्माचे पवनीकर, याच नदीत पोहायला शिकलेले. झग्यासकट त्यांनी उडी मारली आणि काखेत हात घालून उत्तमभाऊंना काठावर आणलं.

दोघे पायरीवर निथळत बसले. उत्तमभाऊंच्या जिवात जीव आला तसे ते म्हणाले, "पास्टरजी, आज तुमचाबी बाप्तिस्मा पुरा झाला."

सुमनआजी इतक्या हसल्या की त्यांची काठी पाण्यात गेली.

*

आता परीक्षेचं सांगतो. दोन्ही मंडळ्यांचं ठरलं होतं की प्रमाणपत्र असेल त्यानेच एकमेकांच्या व्यासपीठावर उपदेश करायचा. त्यासाठी परीक्षेत पंधरा मिनिटांचा उपदेश. संधी तीन.

उत्तमभाऊ वीस वर्षांपासून मंडळी सांभाळतात. लेखी पेपरात ते व्यवस्थित पास झाले. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कागद कशाला हवा?"

"मंडळी पास्टर म्हणते, घरचे म्हणतात. सर, एकदा कागदानंबी म्हणावं," ते म्हणाले. हसून म्हणाले, पण मला तेव्हा वाईट वाटलं.

पहिली संधी. पवनीच्या चर्चमध्ये उपदेश. पंधरा मिनिटं होताच मनोहर पास्टरांनी टेबलावरची घंटी वाजवली. उत्तमभाऊंचा चेहरा उजळला आणि आवाज चढला. पुन्हा घंटी. आवाज आणखी चढला. चौथ्या घंटीला ते घामाघूम होऊन हात उंचावून बोलत होते. उपदेश बावन्न मिनिटांनी संपला.

"घंटी ऐकू आली नाही का?" मनोहर पास्टरांनी विचारलं.

"आली नं. तुमाले इतकं आवडून राहिलं तं मी काहून थांबू?"

कोंढ्याला उपदेश रंगला की लोक खंजिरी वाजवतात. हे माझ्या किंवा पास्टरांच्या डोक्यात आलं नव्हतं. तरी पास्टरांनी नापासच केलं. नियम म्हणजे नियम.

*

दुसऱ्या संधीला उत्तमभाऊ मोबाईलवर टायमर लावून तयारी करून आले. चौदाव्या मिनिटाला उपदेश संपला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"आता प्रार्थना करू या," उत्तमभाऊ म्हणाले, आणि पंचवीस मिनिटं प्रार्थना केली.

"प्रार्थना धरून पंधरा मिनिटं," मनोहर पास्टर म्हणाले आणि रजिस्टरात रेघ ओढली.

पहिल्या बाकावरून सुमनआजी म्हणाल्या, "मनोहर, तू पंधराच मिनिटं बोलतो, तरी माहा डोळा लागते. याचं तासभर आयकून मी जागी राहते."

मग काठी उत्तमभाऊंकडे वळवली. "माह्या मातीले तूच बोलजो रे उत्तम. पण आटोपशीर बोलजो. लोकायले उन्हात उभं नको ठेवजो."

उत्तमभाऊंची एक संधी उरली होती. त्यांनी ती तीनदा पुढे ढकलली. त्यांना भीती वाटत होती, हे मला दिसत होतं.

*

सुमनआजी उन्हाळ्यात गेल्या. माती शनिवारी होती, म्हणून वर्ग भरला नाही. आम्ही सगळे घरून निघालो ते थेट कब्रस्तानात. दोन्ही मंडळ्या होत्या.

मनोहर पास्टरांनी आजवर शेकडो लोकांना माती दिली आहे. त्यांनी पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचायला घेतली, ती होईना. पुन्हा घेतली. मग त्यांनी पुस्तक शेजारी उभ्या उत्तमभाऊंच्या हातात दिलं.

उत्तमभाऊंनी ते मिटून छातीशी धरलं.

"आजीनं मले दोन गोष्टी सांगतल्या होत्या. एक, मी बोलाचं. दुसरी, कमी बोलाचं," ते म्हणाले. "आमच्या गावाले आली का आजी ढोलकीवर गाये. इथं बसली का पुस्तकातून म्हणे. दोन्हीकडे तिचा आवाज एकच होता. आमाले दोघायले जे चार वर्षांत जमून राहिलं, ते तिले पयलेपासून जमत होतं."

आणखी थोडं बोलले. आजी प्रत्येकाला जेवलास का म्हणून विचारायच्या, ते सांगितलं. मग एक छोटी प्रार्थना, आणि आमेन. लोक अजून डोळे मिटून उभे होते. आमेन झालं यावर कोंढेकरांचा विश्वासच बसेना.

माती दिली. लोक पांगले. मनोहर पास्टर फाटकापाशी माझ्याजवळ आले. डोळे लाल झाले होते.

"सर, रजिस्टर आहे का?"

शनिवारच्या सवयीने ते माझ्या पिशवीतच होतं. त्यांनी ते फाटकाच्या खांबावर टेकवलं, उत्तमभाऊंचं नाव शोधलं आणि तिसऱ्या संधीपुढे सही केली.

"सात मिनिटं," ते म्हणाले. "प्रार्थना धरून."