मोजणीसाठी राखलेला बांध

नव्वदच्या दशकात, हवामान बदलाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नव्हतं तेव्हा, मी ठाण्यात एका प्रकल्पावर नोकरीला लागले. टेंभी नाक्यापासून जवळच दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि त्याला गरम होऊ नये म्हणून एसी. आम्ही माणसं त्या एसीसमोर स्वेटर घालून बसायचो. प्रकल्प तीन देशांचा मिळून होता. मोठं गणित परदेशात व्हायचं. आमच्याकडून जायचे पावसाचे आकडे, भरतीच्या पाण्याची पातळी, बांधांच्या उंच्या. त्यातून आपल्या किनाऱ्यापुरतं हवामानाचं मॉडेल तयार होणार होतं, आणि त्यावरून गावांनी पुढे पाण्यापासून कसं वाचायचं याचा आराखडा. मी भूगोलात एम.ए., इंग्रजी बरं, आणि खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी. यातल्या तिसऱ्या कारणासाठी तुम्हाला घेतलंय, असं आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांना अभ्यासासाठी एक गाव हवं होतं, ते माझ्या माहेरच्या रूपाने आयतं मिळालं.

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला चिकटून. मासेमारी होतीच, शिवाय बांधाच्या आतल्या बाजूला प्रत्येकाची थोडी भातशेती. बांध मातीचा. तो कुणी बांधला ते कुणालाच माहीत नव्हतं, पण टिकवायचा कसा हे सगळ्यांना माहीत होतं. शिमगा झाला की घरटी एक माणूस बांधावर जायचा. ओहोटीला खाडीतला चिखल काढायचा, पेंढा घालून तुडवायचा, खेकड्यांनी पाडलेली बिळं ठासून भरायची. ज्या घरात पुरुष नसे तिथली बाई यायची. काम संपलं की देवीला कोंबडं आणि सगळ्यांचं जेवण एकत्र. माझे बाबा गावच्या पंचांपैकी एक, त्यामुळे कोण आला, कोण चुकवतोय यावर नजर त्यांची. एखादा आजारी असल्याचं सांगायला लागला की बाबा त्याच्या दारात जाऊन बसत आणि तो बरा होईपर्यंत उठत नसत.

परदेशी मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा गावाने त्यांचं जे कौतुक केलं, ते माझ्या लग्नात जावयाचंही झालं नव्हतं. दुर्बिणी लावून त्यांनी बांधाची उंची मोजली, बांधाच्या कडेने दगड रोवून त्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. मग देवळासमोर सभा झाली. आमच्या साहेबांनी सांगितलं की दोन पावसाळे बांध कसा खचतो ते मोजायचं आहे, तोवर कुणी त्यावर माती टाकू नये, नाहीतर आकडे चुकतील. पक्का बांध बांधून देऊ असं ते म्हणाले नव्हते. पण एवढे लोक विमानाने येऊन आपला बांध मोजताहेत म्हणजे पुढे काँक्रीटची भिंतच होणार, हे गावाने आपलं आपणच ठरवून टाकलं. बाबांनी तर सगळ्यांत आधी.

त्या वर्षी शिमग्यानंतर बांधावर कुणी गेलं नाही. दुसऱ्या वर्षी बिळांतून पाणी झिरपायला लागलं. शेजारचा काका घमेलं घेऊन निघाला तर बाबांनी त्याला वाटेत अडवलं. पाहुण्यांचं काम नासवशील, म्हणाले. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी ऑफिसात साहेबांना सांगितलं की बांध जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक पावसाळा तर राहिला आहे, म्हणाले. गावी जाऊन बाबांशी भांडले. माणसं आजही गोळा होतील, शब्द टाका, असं म्हटलं. त्यावर बाबांनी मलाच सुनावलं की नोकरी ज्यांची करतेस त्यांच्या विरुद्ध बोलू नये. मी सासरी निघून आले आणि महिनाभर माहेरी पाऊल टाकलं नाही.

श्रावणातल्या अमावास्येचं उधाण आणि त्यातच पाऊस. भर दुपारी एका बिळापाशी माती बसली आणि बघता बघता खांड पडली, बैलगाडी जाईल एवढी. मी पोचले तेव्हा पाणी परसापर्यंत आलेलं होतं. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, पण खांडीकडे बघत नव्हते. पाण्याखाली गेलेल्या पांढऱ्या खुणा कुठे होत्या ते शोधत होते. भात कुजलं. जमिनीत खार मुरला, पुढच्या वर्षी तिच्यात गवतही धड उगवलं नाही. बाबांनी घरटी माणूस बोलावून पाहिला, तर मोजून चारजण आले. शेतच उरलं नव्हतं, मग बांध कशासाठी घालायचा? पोरं एमआयडीसीत कंपनीत लागली. प्रत्येक उधाणाला खांड थोडी थोडी रुंद होत गेली.

अहवाल आला. रंगीत, गुळगुळीत कागदाचा. मॉडेलने सगळ्या किनाऱ्याचे चौकोन पाडलेले होते. एका चौकोनात पश्चिमेच्या समुद्रापासून ठाणं, कल्याण, डोंबिवली आणि शीळफाट्यापर्यंतचं सगळं. आमच्या चौकोनात जमिनीपेक्षा पाणी जास्त भरलं म्हणून मॉडेलने तो समुद्र धरला होता. म्हणजे आम्ही गाववाले इतकी वर्षं समुद्रातच राहत होतो. बांधाचे आकडे शेवटच्या पानांवर होते आणि गणितात ते कुठेच धरलेले नव्हते. एवढं बारीक अजून मॉडेलला दिसत नाही, असं सरळ लिहिलेलं होतं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना.

पुढच्या टप्प्यासाठी मंडळी पुन्हा आली. या वेळी त्यांना माणसांशी बोलायचं होतं. त्यातल्या एका गोऱ्या बाईंनी बाबांना विचारलं की पाण्यापासून वाचायला गावातले लोक स्वतः काय करत आले. विचारण्याची तऱ्हा इतकी मनापासूनची होती की मला वाटलं, चला, निदान कुणीतरी हे विचारलं. मी बाबांना आमच्या भाषेत सांगितलं आणि थांबले.

"काय नाय," बाबा म्हणाले. "आमी गरीब मानसं. आमी काय करनार?"

मी हळूच म्हटलं, बाबा, शिमग्यानंतरचं काम सांगा की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"गप बाय. करताव म्हटलं, तर बोलतील तुमचं तुमीच करा."

तरी मी बाईंना सांगितलं की दरवर्षी हे लोक बांध घालायचे. त्यांनी खात्री करून घ्यायला आमच्या साहेबांना तेच पुन्हा बाबांना विचारायला लावलं. बाबांनी हात जोडले आणि नाही म्हणून मान हलवली.

त्या टप्प्याच्या अहवालात गावाबद्दल एकच वाक्य होतं: येथील लोकांकडे पाण्यापासून बचावाची स्वतःची कोणतीही रीत नाही. प्रकल्पाचा पुढचा भाग दुसऱ्या राज्याच्या किनाऱ्यावर होणार, हेही ठरून गेलं होतं. बाबांनी हट्टच धरला म्हणून ते वाक्य मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. दुसऱ्या राज्याचं बोलायला मात्र माझी जीभ रेटेना. ते कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "बरं झालं तसं लिवलं. आता तरी बांध देतील."