भावजयीला मी ठेवलेलं नाव

धाकट्या भावाचं लग्न झालं आणि महिन्याभरात मी भावजयीचं नवं बारसं करून टाकलं: व्हॅम्पायर. उन्हाची ॲलर्जी आहे, एवढंच तिने सांगितलं होतं. मला ते नखरे वाटले. दिवसा पडदे ओढलेले, गच्चीवर जायचं तर पूर्ण बाह्या, गॉगल, छत्री; राजवाड्याच्या बाजारात खरेदीला निघायची तीही दिवेलागणीनंतर. मला मोबाइलवर व्हॅम्पायरच्या मालिका बघायचा भारी नाद, त्यामुळे ऊन लागलं की त्यांची राख होते हे पक्कं ठाऊक. फॅमिली ग्रुपवर मी तिच्या फोटोला सुळे लावून टाकले. तीही हसली. माझ्या तिखट जिभेचा मला तेव्हा अभिमानच होता.

एकदा ती म्हणाली, "ताई, मी पढलं होतं, पुराने किश्शांमध्ये व्हॅम्पायर धूपमध्ये मरत नव्हते. दिवसा बस झोपून राहायचे. जळायचं तर बाद में सिनेमावाल्यांनी जोडलं."

"मग तुला कशाची भीती?" मी म्हटलं.

रथसप्तमीला आमच्या गच्चीवर बिल्डिंगमधल्या पाच-सहा मराठी बायका जमतात. मातीच्या बोळक्यात दूध घालून ते पेटत्या गोवऱ्यांवर ठेवायचं आणि सूर्याकडे तोंड करून उतू जाईपर्यंत थांबायचं. भाऊ कामावर गेला होता. ती जिन्याच्या दारात, सावलीत उभी होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नवी सून ना तू? पाच मिनिट तो उभी राहा. राख थोडीच होणारेस."

बायका हसल्या. तिने गॉगल काढला, ओढणी मागे सारली आणि आमच्या रांगेत येऊन उभी राहिली. नेमक्या गोवऱ्या ओल्या निघाल्या. दूध उतू जायला पाऊण तास लागला. मध्ये एकदा तिने माझ्याकडे बघितलं. आत जा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण चारचौघींत आपला शब्द मागे घ्यायची माझी तयारी नव्हती.

दोन दिवसांत तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, ताप चढला, बोटं मिटेनात. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा मला कळलं की तिला ल्यूपस नावाचा आजार आहे आणि उन्हाने तो भडकतो. भावाला पहिल्यापासून माहीत होतं. सासरी सगळ्यांना सांगू नको, असं तिनेच त्याला विनवलं होतं.

"उन्हात गेला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

"कपडे सुकवायला गेले होते," ती म्हणाली. "ध्यानच नाही राहिलं."

भाऊ तिच्यावर भडकला. "कितनी बार सांगितलं तुला? छोटी बच्ची आहेस का?"

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे रे, बीमार आहे ती."

"ताई, तू आहेस म्हणून बरं," तो म्हणाला.

ती बरी होऊन घरी आली. त्यानंतर मी तिला त्या नावाने कधी हाक मारली नाही, पण माफीही मागितली नाही. भाऊ अजून पाहुण्यांना तिच्या वेंधळेपणाची ती गोष्ट सांगतो. ती मान खाली घालून ऐकते, आणि मी शेजारीच बसलेली असते.